वारं प्यालेला रविवार

रविवारी सकाळी साडेसातला एखाद्या नोकरदार मुलीच्या हातात काय असायला हवं? फार फार तर कॉफीचा मग. नाहीतर उशी. गेल्या रविवारी माझ्या हातात रंगकामवाल्यांकडे असते तसली लोखंडी पट्टी होती आणि डोक्यावर होतं एका होडीचं पोट. आठ महिने खाऱ्या पाण्यात राहिलेल्या होडीच्या पोटाला काय काय चिकटतं, ते तुम्ही नाश्ता करत असाल म्हणून सविस्तर सांगत नाही. एवढंच सांगते, की ते हाताने निघत नाही, पाण्याने निघत नाही आणि केसांत पडलं तर दोन शाम्पूंनीही निघत नाही!

तेवढ्यात मैत्रिणीचा मेसेज. ‘यॉट क्लबला आहेस? वॉव! पार्टी?’

मी मुकाट्याने फोटो काढून पाठवला. दोन मिनिटांनी उत्तर आलं, ‘हे काय, गॅरेज?’

हो बाई, गॅरेजच. मुंबईतला शिडाच्या होड्यांचा हंगाम संपला. पावसाच्या आधी सगळ्या होड्या पाण्याबाहेर काढायच्या, खरवडायच्या, धुवायच्या, शिडं सुकवून गुंडाळून ठेवायची आणि ऑक्टोबरची वाट बघायची. दर वर्षी या कामाला माणसं कमी पडतात आणि दर वर्षी मला वाटतं, की या सदरातून एकदा सांगून टाकावं. यॉट क्लब म्हणजे नेमकं काय असतं आणि माझ्यासारखी वाशीमची मुलगी तिथे काय करते, ते!

शँपेन नाही, चहाची किटली

‘यॉट’ म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातलं गाणं येतं. पांढरीशुभ्र बोट, गॉगल लावलेला हिरो, हातात उंच ग्लास. शब्द मूळचा डच आणि त्याचं नातं शिकारीशी. शिकार करायची म्हणजे पाठलाग आला आणि पाठलागाला हलकी, वेगवान होडी लागते. तेव्हा खरी यॉट वेगाशी आणि वाऱ्याशी इमान राखते. ग्लास नंतर आला.

मुंबईत यॉट क्लब 1846 सालापासून आहे. गेटवेसमोरचा तो देखणा रॉयल बॉम्बे यॉट क्लब तुम्ही सेल्फीच्या मागे नक्की पाहिला असेल. गेटवे 1924 चं, म्हणजे क्लब त्याच्यापेक्षा पाऊणशे वर्षांनी मोठा! कित्येक दशकं हे प्रकरण गोऱ्या साहेबांपुरतंच होतं. पण पुढे चित्र बदललं. 1982 च्या आशियाई स्पर्धा दिल्लीत झाल्या, तरी शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. फारुख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीने एंटरप्राइज वर्गात सुवर्णपदक मिळवलं ते तेव्हाच.

आमचा क्लब त्या मानाने अगदीच चिल्लर. एक शेड, एक उतार, डझनभर होड्या आणि एक भलीमोठी चहाची किटली. सभासदांत एक बँकवाले, दोन डेंटिस्ट, एक शाळेतल्या बाई, एक निवृत्त मरीन इंजिनीअर आणि कॉलेजची पोरं. सोबतीला मोटारबोट घेऊन आमच्यावर नजर ठेवणारे कोळीवाड्यातले तांडेलकाका. कप विसळायची पाळी बोर्डावर लिहिलेली असते आणि ती कुणालाही चुकत नाही. होडी ज्याच्या मालकीची, त्यालासुद्धा नाही.

मी तिथे पोचले ती माझ्या वजनामुळे. खरंच! ऑफिसातल्या एका सिनिअरने कँटीनमध्ये थेट विचारलं, ‘‘तुझं वजन किती?’’ मी चमचा खाली ठेवला. तो गडबडून म्हणाला, ‘‘तसं नाही गं, आमचा क्रू कमी पडतोय. वारा जास्त असला की होडी कलते. दुसऱ्या बाजूला बसायला माणूस लागतो.’’

म्हणजे कॉलेज, डिग्री, कम्युनिकेशन स्किल्स वगैरे सगळं बाजूला. मला पोतं म्हणून बोलावलं होतं. पण बॉस, लक्षात घ्या, हाच या खेळातला सर्वांत स्वस्त दरवाजा आहे. होडी विकत घ्यावी लागत नाही. होडीवाल्याला क्रू हवा असतो, नेहमीच हवा असतो. वेळेवर येणारा, सांगितलेलं ऐकणारा आणि भिजल्यावर कुरकुर न करणारा माणूस दिसला, की त्याला उचलायला चार जण टपलेले असतात.

ऑक्टोबर ते मे, आमचं पंचांग

पाचवी-सहावीच्या भूगोलात ‘खारे वारे आणि मतलई वारे’ होते, आठवतंय? दोन मार्कांना. मी तेव्हा ते घोकले आणि पेपरानंतर विसरले. वाशीमला समुद्रच नाही, तर त्याच्या वाऱ्याचं काय करायचं? इथे आल्यावर कळलं, की अख्खा मुंबईचा हंगाम त्या दोन मार्कांवर चालतो.

रात्रभरात जमीन थंड होते, समुद्र उबदार राहतो. म्हणून सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे. हा मतलई. दहा-अकराच्या सुमारास तो दमतो. मग जमीन तापते आणि दुपारी समुद्राकडून वारा येतो. हा खारा. मधल्या तासाभरात पाणी आरशासारखं. म्हणून शर्यती बहुधा दुपारी, खारा वारा स्थिरावल्यावर.

ऑक्टोबरमध्ये होड्या पाण्यात उतरतात. या महिन्यात निम्मा वेळ गाठी आठवण्यात जातो. नोव्हेंबर ते जानेवारी हवा मस्त, पण वारा लहरी. फेब्रुवारीनंतर तो हळूहळू अंगात येतो आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी असा सुटतो, की सोमवारी कीबोर्डवर बोटं उघडत नाहीत. मे महिन्यात शेवटच्या शर्यती, बक्षीस समारंभ (वडापाव आणि कप. हो, तोच विसळायचा कप!) आणि मग खरवडणं.

वाऱ्याच्या जोडीला पाणी. मुंबई बंदरात दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. रोज वेळ साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण. तेव्हा पाणी दुमजली घराइतकंही चढतं-उतरतं आणि ओढ अशी, की वारा पडला तर होडी तुमचं ऐकत नाही. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सौम्य भरती. तांडेलकाकांना हे तिथीवरून तोंडपाठ. आम्ही मोबाइलमध्ये बघतो आणि मग त्यांना विचारून खात्री करून घेतो!

याच डिसेंबरातली गोष्ट. भर शर्यतीत वारा गायब. नऊ होड्या पाण्यावर चित्रासारख्या उभ्या आणि खालून ओहोटी सगळ्यांना मागे ओढतेय. आमच्या कॅप्टनने शांतपणे नांगर पाण्यात सोडला. मला वाटलं, हा हरला. प्रत्यक्षात आम्ही जागच्या जागी राहिलो आणि बाकीचे गुपचूप उलटे निघाले. शर्यतीत नांगर टाकायला परवानगी असते, फक्त तो पुन्हा उचलून घ्यावा लागतो. पाऊण तासाने वारा आला तेव्हा सहाव्या नंबरवरचे आम्ही दुसरे होतो. काहीही न करून! ऑफिसात हे जमलं असतं तर मी आज मॅनेजर असते.

दोन गिरक्या

ऑफिसवरून आठवलं. या खेळातला मला सर्वांत आवडणारा नियम सांगते.

आधी एक गोष्ट. शिडाची होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याशी साधारण पंचेचाळीस अंशाचा कोन करून, कधी डावीकडून, कधी उजवीकडून, घाटातल्या वळणांसारखं नागमोडी वर चढावं लागतं. साहजिकच होड्या एकमेकींच्या वाटेत येतात. तेव्हा नियम असा, की उजव्या बाजूने वारा घेणारीचा हक्क आधी. डाव्या बाजूने वारा घेणारीने वाट द्यायची.

पण नाही दिली तर? पाण्यावर शिट्टी वाजवणारा पंच बहुतेक शर्यतींत नसतो. चूक कुणाची, हे चुकणाऱ्यालाच माहीत असतं आणि त्यानेच आपणहून बाजूला जाऊन होडी दोनदा गर्रकन फिरवायची. दोन गिरक्या. झाली शिक्षा, चला पुढे. नाही फिरवलीत, तर समोरचा किनाऱ्यावर तक्रार लावू शकतो. मग बसा टेबलावर खेळण्यातल्या होड्या मांडून, कोण कुठे होतं ते सांगत.

माझ्या पहिल्या हंगामात आमच्या हातून एकदा अशी चूक झाली. कुणीही पाहिलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकते. आम्ही तिसरे होतो. कॅप्टन म्हणाला, ‘‘फिरव.’’ फिरवली. सातवे आलो. तो घरी जाताना शीळ वाजवत होता.

आणखी एक बरं आहे. पहिल्या येणाऱ्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, ज्याचे कमी तो जिंकला. मोठ्या मालिकेत तर तुमची सर्वांत वाईट शर्यत हिशेबात धरतच नाहीत. अप्रेझलचा फॉर्म बनवणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी.

बाबांचा फोन

इथपर्यंत सगळं मजेचं. आता जे सांगणार आहे, ते मी या सदरात आजवर टाळत आले.

घरी मी काहीच सांगितलं नव्हतं. ‘वीकेंडला क्लबला जाते’ एवढंच. आईला वाटायचं व्यायामाचा क्लब, बाबांना वाटायचं नाचाचा. नाचाचा परवडला असता, पण पाण्याचा नाही.

आमच्या वाशीमला पाणी म्हणजे नळाला आलं का, एवढाच प्रश्न. एकबुर्जी धरणात किती शिल्लक आहे, यावर शहराचा उन्हाळा ठरतो. पाणी साठवायचं, पुरवायचं, जपायचं. पाण्यात उतरायचं नाही. मुलग्यांनी विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकायचं. मुलींनी काठावर कपडे सांभाळायचे. मी सातवीत असताना गणपती विसर्जनाच्या दिवशी आमच्या गल्लीतला एक मुलगा गावाबाहेरच्या तलावात गेला. दादाच्या वर्गातला. मूर्तीबरोबर आत गेला आणि पाय चिखलात रुतला म्हणतात. बाबा तेव्हा काठावर होते. त्या दिवसानंतर आमच्या घरात तलाव, धरण, नदी हे शब्द फक्त टंचाईच्या बातमीत यायचे.

18 डिसेंबर 2024. बुधवार. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या फेरीबोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली. डझनाहून अधिक माणसं गेली. टीव्हीवर दृश्यं सुरू झाली आणि माझा फोन वाजला.

‘‘कुठं आहेस वं बाई? त्या बोटीत त नव्हती ना तू?’’

‘‘नाही बाबा, मी ऑफिसात आहे.’’

खरंच होते ऑफिसात. पण त्याच पाण्यात तीन दिवसांपूर्वीच्या रविवारी मी होते आणि पुढच्या रविवारीही जाणार होते, हे सांगायला तोंड उघडलं नाही. फोनमध्ये त्यांचा श्वास ऐकू येत होता. बाबांनी ‘‘बरं झालं’’ म्हणून फोन ठेवला. मी डेस्कवर तशीच बसून राहिले. ते खोटं नव्हतं, पण गिरक्या मारण्यासारखं होतं, एवढं मला कळत होतं.

त्या अपघातानंतर गेटवेच्या फेरीबोटींत लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. आमच्याकडे तो नियम पहिल्या दिवसापासून होता. होडीला हात लावायच्या आधी, जमिनीवरच, जॅकेट अंगात. मला पोहता येत नव्हतं, तेव्हा पहिल्या हंगामात मला अंगात चढवलं ते पूर्ण लाइफ जॅकेट. त्यात आणि नुसत्या तरंग-जॅकेटात फरक असतो. तरंग-जॅकेट पोहणाऱ्याला मदत करतं, लाइफ जॅकेट माणसाचं तोंड पाण्याच्या वर ठेवण्यासाठी बनवलेलं असतं. ते कसं घालायचं याचीही परीक्षा असते. मागून कुणीतरी दोन्ही खांद्यांना धरून वर ओढतं. जॅकेट कानापर्यंत आलं, तर पट्टे सैल आहेत. पाण्यात ते तुम्हाला सोडून एकटंच वर येईल. पुढच्या पावसाळ्यात मी तरणतलावात जाऊन पोहायला शिकले, कारण क्लबने स्पष्ट सांगितलं, ‘‘दुसरा हंगाम पोहणाऱ्यालाच.’’

हे सगळं बाबांना सांगायला मला सहा महिने लागले. एका रविवारी फोनवर एका दमात सांगून टाकलं. पलीकडे शांतता. मग एकच वाक्य.

‘‘तुले आमी मुंबईले नोकरी कराले धाडलं, का पान्यात बुडाले?’’

त्यानंतर बरेच महिने फोन आईच्याच हातात असायचा.

भिंतीवरची पाटी

या मे महिन्यात ते आले. निमित्त एका लग्नाचं. रविवारी सकाळी मी क्लबला निघाले तर चपला घालून दारात उभे. ‘‘चाल, पाहू दे.’’

हंगामाच्या शेवटच्या रविवारी लहान मुलांचा उलटण्याचा सराव असतो. मुलांच्या होडीचं नाव ऑप्टिमिस्ट. क्लार्क मिल्स नावाच्या अमेरिकन माणसाने 1947 मध्ये ती फ्लोरिडात बनवली. लांबी सव्वादोन मीटरच्या आसपास, दिसायला बाथटबसारखी, चालवणारा एकच आणि तोही पंधरा वर्षांपर्यंतचा. जगभरची मुलं हिच्यातच शीड शिकतात. सराव असा, की मुद्दाम होडी उलटी करायची आणि आपली आपण सरळ करायची.

दहा वर्षांची एक मुलगी आत गेली. तिने वजन एका बाजूला टाकलं. होडी कलली, शीड पाण्यावर आपटलं, होडी पालथी झाली आणि मुलगी दिसेनाशी झाली.

‘‘गेली... पोरगी गेली नं वं!’’ बाबांनी माझा दंड पकडला. नखं रुतेपर्यंत.

तीन सेकंदं असतील. डोकं वर आलं. जॅकेटवर तरंगत ती होडीच्या पाठीमागे आली, पोटातून बाहेर आलेल्या फळीला लोंबकळली, तिच्यावर उभी राहिली आणि होडी हळूहळू, मग एकदम, सरळ झाली. मुलगी आत चढली आणि प्लॅस्टिकचा कॅन कापून बनवलेल्या डब्याने पाणी उपसायला लागली. तांडेलकाकांची बोट दहा हातांवर उभी होती, पण तिने मदत मागितली नाही. वर बघून हसली मात्र.

‘‘होडी सोडायची नाही,’’ मी बाबांना सांगितलं. ‘‘पहिला नियम. पोहत किनाऱ्याकडे निघायचं नाही. होडी तरंगते आणि दुरून दिसते. माणसाचं डोकं दिसत नाही.’’

ते काही बोलले नाहीत. दंड सोडला आणि शेडमध्ये गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून बघायला गेले, तर भिंतीवरच्या पाटीसमोर उभे. ती पाटी मी तीन वर्षं बघतेय आणि कधी नीट वाचलेली नव्हती. कुणी बुडत असेल तर काय करायचं, याचा क्रम.

आधी काठी, वल्हं, ओढणी, जे असेल ते पुढे करा. स्वतः आडवे पडून, म्हणजे तुम्ही ओढले जाणार नाही. ते पुरत नसेल तर दोर फेका किंवा तरंगणारं काहीही फेका. झाकण घट्ट लावलेला तेलाचा रिकामा कॅनसुद्धा चालतो. तेही जमत नसेल तर होडी न्या. पाण्यात उडी सगळ्यात शेवटी आणि तीही फक्त शिकलेल्या माणसाने. कारण बुडणारा माणूस हाताला लागेल ते घट्ट धरतो आणि वाचवायला गेलेल्यालाही खाली नेतो.

पाटीकडे बघतच बाबा म्हणाले, ‘‘चाळीस जन होतो आमी काठावर. पोहनारे दहा. दोर एकबी नव्हता.’’

कोणत्या दिवसाबद्दल, ते विचारायची गरज नव्हती. इतक्या वर्षांत ते त्या दिवसाबद्दल माझ्यासमोर पहिल्यांदा बोलत होते. मला वाटायचं, बाबांना पाण्याची भीती आहे. ती भीती नव्हती. चाळीस माणसं उभी होती आणि काय करायचं ते एकालाही माहीत नव्हतं, हे त्यांना सोडत नव्हतं.

मग त्यांनी खिशातून डायरी काढली आणि चष्मा लावून ती पाटी अख्खी उतरवून घेतली. आमचे मरीन इंजिनीअर काका जवळ आले, तर त्यांना विचारलं, ‘‘साहेब, हे जाकीट केवढ्याले भेटते? आनं दोर किती लांब पाह्यजे?’’

दोघं तासभर बोलत होते. एकाची भाषा जहाजावरची, एकाची वऱ्हाडी. गाठ मात्र दोघांनी मिळून बांधली. बोलाइन नावाची. तिचा फास ताण आला तरी आवळत नाही आणि काम झाल्यावर सहज सुटतो. बुडणाऱ्याच्या काखेतून घालायला हीच. बाबांनी ती तिसऱ्या झटक्यात जमवली. मला पहिल्या वर्षी दोन आठवडे लागले होते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

पावसाळी बातमीपत्र

तर मंडळी, होड्या वर आल्या. पुढचे चार महिने क्लब बंद? मुळीच नाही.

समुद्र बंद असतो, तेही बरोबरच आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले, की लाटा आणि अचानक येणारी वादळं लहान होडीचं काही ऐकून घेत नाहीत. कोळी बांधवांचीही यांत्रिक मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते. माशांच्या विणीसाठी आणि जिवासाठीही. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावर त्यांचा हंगाम सुरू होतो, आमचा त्याहून थोडा उशिरा. तोवर आमच्याकडे शनिवारी गाठी, शिडांची शिवणकामं, भरतीची कोष्टकं, नियमांचं पुस्तक आणि तलावात पोहण्याची परीक्षा. भजी अनधिकृत, पण नक्की.

आणि पाऊस मुंबईचं शीड उतरवतो, तेव्हा हैदराबादचं चढवतो, बरं का! तिथल्या हुसेनसागरात समुद्राच्या लाटा नाहीत आणि पावसाळी वारा चांगला मिळतो, म्हणून जुलैच्या सुमारास तिथे मान्सून रेगाटा भरते. यॉट क्लब ऑफ हैदराबाद गरीब वस्त्यांतल्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांना शीड शिकवतो. भोपाळच्या बड्या तलावावर तर राष्ट्रीय सेलिंग स्कूलच आहे. तिथे शिकलेली नेहा ठाकूर देवास जिल्ह्यातली, शेतकऱ्याची मुलगी. 2023 च्या हांगझो आशियाई स्पर्धेत तिने मुलींच्या आयएलसीए-4 प्रकारात रौप्यपदक मिळवलं. देवास! समुद्र तिथून वाशीमपेक्षा काही फार जवळ नाही.

तेव्हा ‘आमच्याकडे कुठे समुद्र’ हे कारण बाद. जगप्रदक्षिणेचं म्हणाल, तर दिलीप दोंदे या मराठी माणसाने ‘म्हादेई’ या गोव्यात बांधलेल्या होडीतून 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीला फेरी मारली. असं करणारे ते पहिले भारतीय. 2024-25 मध्ये नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोघींनी ‘तारिणी’तून तीच वाट पुरी केली. आपल्याला एवढं करायचं नाहीये. आपल्याला शनिवारी दुपारी लॅपटॉप बंद करायचाय.

सुरुवात कशी करायची? सोपं आहे. पावसाळ्यात पोहायला शिका, निदान पाण्यात घाबरायचं नाही इतकं. सप्टेंबरअखेर जवळच्या सेलिंग क्लबमध्ये जाऊन विचारा, ‘क्रू हवा आहे का?’ वजन विचारलं तर रागावू नका. जॅकेटचे पट्टे स्वतः तपासा, दुसऱ्यावर सोडू नका. पांढरे बूट घालून जाऊ नका. आणि एखाद्या रविवारी होडी खरवडायला हजर राहा. तिथे जी ओळख होते, ती पार्टीत होत नाही.

बाबा सोमवारी रात्री अमरावती एक्सप्रेसने गेले. अकोल्याला उतरून पुढे वाशीम. जाताना सामानात लग्नातला आहेराचा डबा, चार नवी कोरी लाइफ जॅकेटं आणि तीस मीटर तरंगणारा दोर. सीएसएमटीवर हमालाने विचारलं, ‘‘काका, कुठे पूर आलाय?’’

परवा आईचा फोन आला. मागून बाबांचा आवाज येत होता. गणेश मंडळाच्या पोरांना ओट्यावर बसवून बोलाइन शिकवणं चालू होतं. ‘‘आवळत नाही पाहा, खेच, आनखी खेच!’’ विसर्जनाला अजून बरेच दिवस आहेत. पोरं वैतागलीत म्हणे.

मग बाबांनी फोन घेतला. किती दिवसांनी!

‘‘ऑक्टोबरात होडी पान्यात टाकता ना तुमी? कोन्त्या तारखेले?’’

तारीख अजून ठरायची आहे. ठरली, की तुम्हालाही कळवेनच.